तुरट

"जळतंय! बंद करा!" त्या लांबलचक हॉलच्या दुसऱ्या टोकावरून म्हातारी ओरडली, तेव्हा तो लेबलं लावायच्या यंत्राच्या मोटारीपासून हातभर अंतरावर होता. नुसता उभा नव्हता. रोलर सरळ फिरतोय की नाही हे पाहायला तो इतका वाकला होता की त्याचं नाक मोटारीच्या झाकणाला लागायचं बाकी होतं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटाच्या रोखाने खाली पाहिलं, आणि तेव्हा कुठे झाकणाच्या फटीतून वर चढणारा सुतासारखा धूर त्याला दिसला. त्याने बटण दाबलं. पट्टा थांबला, पट्ट्यावरच्या बाटल्या किणकिणत एकमेकींवर रेलल्या. म्हातारी रबरी बुटांचा फटक् फटक् आवाज करत जवळ आली. या कारखान्यातली वाइन चाखून पारखण्याचं काम तिचं. गेले आठ दिवस तो तिला येता-जाता मान लववत होता, बोलणं असं झालं नव्हतं. तिने मोटारीकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे पाहिलं. "मला तिथवर वास आला," ती म्हणाली, "आणि तुम्ही तर इथेच होतात." दोघांचीही नसलेल्या एका तिसऱ्याच भाषेत ही दोघं बोलत होती, त्यामुळे हा प्रश्न होता की ठपका, हे त्याला उमगलं नाही. "सर्दी झालीय," तो म्हणाला. त्या सर्दीला आता दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत मूल चालायला लागतं, बोलायला लागतं, हवं ते मागायला लागतं. त्याची सर्दी मात्र अजून कुणाला दाखवायची सोय नव्हती.

बाटल्यांना लेबलं लावण्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि यंत्र विकलं गेलं की ते जुळवून, चालवून द्यायला त्यालाच पाठवायचे. तिथे त्याला त्याच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'नाकसाहेब' म्हणत. अगदी मॅनेजरसुद्धा, आणि तेही निम्मं थट्टेने तर निम्मं मानाने. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकायचं, दारातच थांबून एक श्वास ओढायचा आणि सांगायचं, "तीन नंबरचं बेअरिंग कोरडं पडलंय," किंवा "काल कुणीतरी मोटारीच्या तारांच्या गुंडाळीवर ओलं वार्निश मारून मशीन तसंच चालवलंय." झाकण उघडून पाहिलं की तसंच निघायचं. नवीन आलेल्या इंजिनियरांना त्याची ही करामत मुद्दाम दाखवत असत, पाहुण्यांना घरातलं जुनं घड्याळ दाखवावं तशी. मग दोन वर्षांपूर्वी ताप आला. चार दिवस अंगात होता, पाचव्या दिवशी उतरला. बायकोने उशाशी चहा आणून ठेवला, त्याने घोट घेतला. गरम होता. गोड होता. बस्स. चहा नव्हता. त्याने कपात वाकून पाहिलं, तर रंग चहाचाच होता. "साखर जास्त झाली का?" बायकोने विचारलं. "नाही, छान आहे," तो म्हणाला. खोटं बोलायचं म्हणून तो तसं म्हणाला नव्हता. चार दिवस ती बिचारी त्याच्यासाठी राबली होती, आणि नाकाचं काय, संपावर गेलेलं माणूस येतं तसं येईल आठवड्याभरात, असं त्याला वाटलं होतं.

ते आलं नाही. दोन आठवडे झाले, महिना झाला. कारखान्यात तो मोटारींवर तळहात ठेवून पाहायला शिकला, आवाज ऐकायला शिकला, खिशात मावणारं उष्णता मोजायचं यंत्र त्याने घेतलं आणि ते असं चोरून वापरू लागला की जणू सिगरेटच ओढतोय. आज ते खोलीवर विसरलं होतं, एवढंच. पण कारखाना एकवेळ परवडला. घर कठीण होतं. कारण घरातही तो नाकसाहेबच होता. "आज तेल दुसरं आहे का?", "या पोळ्यांच्या पिठाच्या डब्यात आधी काय होतं गं?" असलं काहीतरी तो पहिल्या घासाला विचारायचा आणि बायको वैतागायची, पण शेजारणीला सांगताना तिच्या आवाजात तो वैताग नसायचा. "आमच्याकडे कुत्रा पाळायची गरजच नाही," ती म्हणायची, "हे आहेत ना!" आता तो खाली मान घालून जेवू लागला. 'छान' हा शब्द कधी म्हणायचा याचं त्याने तंत्र बसवलं: पहिल्या घासाला नाही, ते खोटं वाटतं, दुसऱ्या घासानंतर, थोडं थांबून. खारट, गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं, पण ते सगळं रिकाम्या खोलीत कुणीतरी एकेक खुर्ची सरकवावी तसं. भाजी कुठली हे तो डोळ्यांनी ओळखायचा.

आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, ती तो स्वतःशीही नीट बोलत नसे. बायको पोस्टाच्या काउंटरवर नोकरीला होती. संध्याकाळी ती घरी आली की तिच्याबरोबर डिंकाचा, शाईचा, जुन्या गोणपाटाचा वास यायचा. अंघोळ केली की तो जायचा आणि त्याच्याखाली जो उरायचा तो तिचा. त्याला नाव नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्याने नाव शोधायचा प्रयत्न केला होता, मग सोडून दिला. स्वतःच्या घराचा पत्ता कुणी विचारत नाही. ताप उतरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तो तिच्या मानेशी तोंड नेऊन झोपला आणि एकदम दचकला. तिथे कुणीच नव्हतं. कातडी होती, केस होते, ऊब होती, पण ती नव्हती. चेहरा तिचा, आवाज तिचा, बांगडीवरचा चरासुद्धा ओळखीचा. तरी त्याच्या अंगाला ते पटेना. अंग एखाद्या हटवादी कारकुनासारखं 'ओळखपत्र दाखवा' म्हणून अडून बसलं होतं. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज. तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला परकी म्हणणारं हे कसलं अंग? तो कुशीवर वळला, भिंतीकडे. दुसऱ्या दिवशीही वळला. मग ती त्याची झोपायची बाजूच झाली. एकदा तिने विचारलं होतं, "काही झालंय का?" तो म्हणाला, "कुठे काय?" यंदा ती निवृत्त झाली. महिनाभर घरात वावरली, कपाटं आवरली, आणि एके दिवशी म्हणाली, "मी ताईकडे जाऊन येते." "किती दिवस?" त्याने विचारलं. "बघू." त्या 'बघू'ला आता सात आठवडे झाले होते. तिच्या फोनवर फोन केला की 'नंतर बोलते' असा निरोप यायचा, आणि ती नंतर बोलायची नाही. तो परदेशी निघतोय हे त्याने तिला चिठ्ठी लिहावी तसं मोबाइलवर लिहून कळवलं होतं. 'जपून जा' असं उत्तर आलं होतं.

नवी मोटार दुसऱ्या दिवशी येणार असं ऑफिसातून कळलं. म्हातारी अजून तिथेच उभी होती. "मग आता काय करणार?" तिने विचारलं. "इथे बसून धूर बघणार? चला खाली." तळघराला एकवीस पायऱ्या होत्या, त्याने उगाच मोजल्या. खाली दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीइतकी उंच लाकडी पिंपं ओळीने आडवी ठेवलेली, भिंती घामेजलेल्या, आणि गारवा असा की शर्टाच्या आत शिरून बसावा. अशा जागेला वास असणारच. त्याने सवयीने दारातच थांबून श्वास ओढला. छातीत नुसती थंडी गेली. म्हातारीने एका पिंपाचं बूच काढलं, काचेची लांब नळी आत सोडली, वरच्या टोकावर अंगठा दाबून ती बाहेर काढली आणि दोन पेल्यांत थोडी थोडी वाइन सोडली. काळपट लाल. मागच्या टेकडीवर होणाऱ्या द्राक्षाची ही वाइन, ती म्हणाली. जाड सालीचं, हट्टी द्राक्ष, दुसरीकडे लावलं तर रुसतं. त्याने पाहिलं होतं लोक कसे पितात ते. त्याने पेला फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले, योग्य तेवढा वेळ थांबला. घोट घेतला आणि गिळून टाकला. "छान," तो म्हणाला. "फळांचा वास येतोय."

"कुठल्या?"

"पिकलेल्या."

"सगळीच फळं कधी ना कधी पिकतात," म्हातारी म्हणाली. तिने आपला पेला पिंपावर ठेवला. "किती दिवस झाले?"

कशाला, असं विचारता आलं असतं. सर्दीचं पुन्हा सांगता आलं असतं. पण त्या तळघरात त्याला कुणी नाकसाहेब म्हणत नव्हतं, चार दिवसांनी तो इथून जाणार होता आणि ही बाई त्याला जन्मात पुन्हा भेटणार नव्हती. "दोन वर्षं," तो म्हणाला. म्हणताना त्याला जाणवलं की हे दोन शब्द त्याने मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारले, आणि तेही परक्या भाषेत, जिथे ते दोन किलो किंवा दोन खिळे म्हटल्याइतके हलके वाटले.

म्हातारीला आश्चर्य वाटलं नाही. तिचंही नाक एकदा गेलं होतं, अकरा महिने. "तिसऱ्या दिवशी मालकाला सांगून टाकलं. मी काही मोठी सत्यवादी नाही. पण पिंपं भरलेली होती. मी गप्प बसले असते तर सगळा माल आंबला असता आणि मला कळलंही नसतं."

"मग वास परत आला?"

"थोडा थोडा. सगळा नाही. लाकडाचा आला, नवऱ्याच्या तंबाखूचा आला, तो नसता आला तरी चाललं असतं. साबणाचा अजून नाही." ती हसली. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "नाक सोडा. तोंड तर आहे ना? घ्या पुन्हा. आणि गिळू नका, औषध नाही ते."

त्याने घोट तोंडात धरला. आधी गारवा कळला, मग तो हळूहळू गेला. मग जिभेच्या कडांना आंबटपणा, लिंबासारखा टोचणारा नव्हे, जरा मऊ. मग काहीच नाही, आणि तो सवयीने मनात म्हणाला, संपलं, आपल्या वाट्याचं एवढंच. आणि तेवढ्यात ते आलं. हिरड्यांवरून, गालांच्या आतून, टाळूवरून काहीतरी सरकत गेलं आणि जाताना सगळं ओढून घेऊन गेलं. तोंड आतल्या आत आवळलं, जीभ रंधा न मारलेल्या फळीसारखी खरखरीत झाली. त्याने वाइन गिळली तरी ते गेलं नाही. उलट वाढलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडात काहीतरी घडत होतं, आणि ते त्याला न विचारता घडत होतं. म्हातारी त्याच्याकडे बघत होती. "काय?" ती म्हणाली. त्या तिसऱ्या भाषेत त्याला शब्द सापडेना. त्याने गाल आत ओढून दाखवले, बोटांनी मूठ आवळून दाखवली, आणि शेवटी आपल्याच भाषेत म्हणाला, "तुरट."

"तुरत," म्हातारी म्हणाली.

"तुरट. ट."

"तुरट्ट." तिने तो शब्द वाइनसारखाच तोंडात घोळवला. "ही चव नाही, बरं का. हा स्पर्श आहे. द्राक्षाची साल तुम्हाला आतून हात लावते. याला नाक लागत नाही." त्याने आणखी मागितली. तिने ओतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं आणि तिने ते न पाहिल्यासारखं केलं. मग ती सहज, पुढचं पिंप ठोकून पाहता पाहता म्हणाली, "घरी कोण असतं?"

"बायको."

"ती काय म्हणते यावर?"

त्याने पेला हातात फिरवला. "तिला माहीत नाही."

म्हातारीचा हात पिंपावर थांबला. मोटार जळताना तिचा चेहरा जेवढा बदलला नव्हता तेवढा आता बदलला. "दोन वर्षं? एका घरात?" ती म्हणाली. "मग ती बाई काय समजत असेल?"

मुक्कामाच्या खोलीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा होता. दुपारचे तीन वाजले होते, ऊन सपाट पडलं होतं. एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. बेकरीच्या दारातून बाहेर आलेली एक बाई चालता चालता पिशवीत नाक खुपसून हसत होती. तो चालत होता आणि तोंडातला तुरटपणा अजून गेला नव्हता. ती काय समजत असेल. दोन वर्षं तो आपण काय लपवतोय एवढंच बघत आला होता. झाकलेल्या वस्तूकडे पाहताना झाकण दुसऱ्या बाजूने कसं दिसतं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. रोज 'छान' ऐकणारी, रोज एक पाठ बघत झोपणारी, 'कुठे काय' ऐकून गप्प बसणारी. तिने काहीतरी समजूत करून घेतलीच असणार; रिकामी जागा कुणी तशीच ठेवत नाही. खोलीवर येऊन त्याने बूट न काढताच मेहुणीच्या फोनवर फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली असणार. मेहुणी म्हणाली, "अगंबाई, तिकडून? सगळं ठीक ना? देते हं, देते तिला," आणि मग फोन कुणीतरी कुणाच्या तरी हातात खुपसल्याचा आवाज आला.

"हं. बोला."

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"कसला?"

"कसलाच. त्या तापापासून. दोन वर्षं झाली."

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण दार लागल्याचं ऐकू आलं. "दूध," ती म्हणाली. "मी दूध करपवलं होतं. मुद्दाम. एकदा नाही, तीनदा. करपलेल्या दुधाचा चहा ठेवला तुमच्यापुढे. मला स्वतःला घोट उतरत नव्हता. आणि तुम्ही पेपर वाचत प्यायलात आणि म्हणालात, छान."

त्याला ते दिवस आठवेनात. सगळे चहा सारखेच होते.

"मला वाटलं, पूर्वी एवढं बारीक बघणारा माणूस, आता काहीही ठेवलं पुढ्यात तरी चालतं. म्हणजे ठेवणारीही कुणी असली तरी चालेल. मी आरशात बघायची. काय बदललंय माझं, काय ओंगळ झालंय की हे तोंड फिरवून झोपतात. साठीच्या तोंडावर नवा साबण आणला मी, माहितीय? वासाचा!" ती हसली, आणि ते हसू मध्येच तुटलं. "का नाही सांगितलंत?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. नाकसाहेब, कारखाना, आठवड्याभरात येईल असं वाटणं. हे सगळं ती ऐकून घेत होती. मग त्याने मानेचं सांगितलं, दचकण्याचं, भिंतीकडे वळण्याचं; अडखळत, वाक्यं अर्धी सोडत, पण सांगितलं. तू परकी वाटायला लागलीस, हेसुद्धा त्याने टाळलं नाही. "मी तुमच्यासाठी इथे सात आठवडे रडले नाही," ती म्हणाली. "ताई विचारायची, रडत का नाहीस. आता रडणार आहे. फोन ठेवते." आणि तिने ठेवला.

राहिलेले दिवस त्याने काम केलं. मोटार आली, त्याने ती बसवली, तळहात ठेवून, कान लावून, आणि आता ते उष्णता मोजायचं यंत्र सगळ्यांच्या देखत खिशातून काढून. मॅनेजरला त्याने लिहून टाकलं की मोटार माझ्यामुळे जळली, आणि का जळली तेही. एरवी त्याच्या निरोपाला पाच मिनिटांत उत्तर यायचं. या वेळी दीड दिवसाने आलं: 'या परत. बोलू.' नाकसाहेब हा शब्द त्यात नव्हता. तो काढला म्हणून बरं वाटावं की वाईट, याचा विचार करत तो पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहत राहिला. निघायच्या दिवशी म्हातारीला भेटायला गेला तर ती दुसऱ्या टेकडीवर गेली होती. कुणाचा निरोप घ्यायचा राहिला, असं वाटायला दुसरं कुणी नव्हतं. विमानात शेजारचा माणूस जेवणाचं झाकण काढून "शी, कसला वास" म्हणाला, आणि त्याने कुणी न विचारता एका अनोळखी माणसाला सांगितलं, "मला येत नाही." "भाग्यवान आहात," तो माणूस म्हणाला आणि जेवू लागला.

घरी पोचला तर दाराला आतून कडी होती. त्याने बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, बॅग त्याच्या हातून घेतली आणि आत गेली. डोळे सुजलेले नव्हते, पण चेहरा काहीतरी जड उचलून नुकतंच खाली ठेवल्यासारखा. "उद्या साडेदहाला डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "नाक-कान-घसा. मी येणार आहे बरोबर. तुमच्यावर माझा विश्वास नाही, तुम्ही तिथेही जाऊन सगळं छान म्हणाल." "बरं," तो म्हणाला. "आणि मी राहायला आले असं समजू नका. ताईकडे माझं सामान आहे अजून." "बरं." तिने बॅग उघडून कपडे धुवायला काढायला सुरुवात केली. एक शर्ट हातात धरून ती थांबली, नाकाशी नेला, कपाळाला आठ्या पडल्या. "कसला आहे हा?" ती म्हणाली. "आंबूस आहे. ओल्या लाकडासारखा. आणि तुमचा घाम." तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. तळघर असं होतं तर. तो तिथे दीड तास बसला होता आणि त्याला ते आता, या घरात, तिच्याकडून कळत होतं.

"तुझा कसा होता ते मला आठवत नाही," तो म्हणाला. "खूप आठवून पाहिलं. होता एवढंच आठवतं."

तिने शर्ट मांडीवर ठेवला. मग आपलं मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला, एकदा, पुन्हा एकदा, लहान मूल वहीचं पान हुंगतं तसं मन लावून. "मला काही कळत नाही," ती म्हणाली. "स्वतःचा कुठे कुणाला येतो? तुम्हालाच माहीत होता तो."

म्हणजे आता तो कुणालाच माहीत नव्हता. दोघांनाही हे एकाच वेळी कळलं असावं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. बायकोने हात पुढे केला. मनगटाची आतली बाजू वर करून, नाडी दाखवावी तसा, त्याच्या चेहऱ्यासमोर. तो वाकला. त्याचं नाक तिच्या कातडीला लागलं आणि त्याने श्वास ओढला, पूर्वी शेडच्या दारात ओढायचा तसा, खोल.

"येतोय काही?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला नाही.